बीपी मोजलं, पुढचं कोण बघणार?

मी गेली २४ वर्षं पश्चिम लंडनमध्ये जीपी, म्हणजे आपल्या भाषेत फॅमिली डॉक्टर, म्हणून काम करते. या महिन्यात निवडलेली तिन्ही पत्रं इंग्लंडमधली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण तो प्रश्न मला स्वतःला फार वर्षं छळतो आहे.

प्रश्न : आमच्या मराठी मंडळात गणेशोत्सवात आम्ही बीपी तपासणी शिबिर ठेवतो. दर वर्षी साठेक जण तपासून घेतात, पंधरा-सोळा जणांचं बीपी जास्त निघतं. त्यांना ‘डॉक्टरांना दाखवा’ असं सांगतो, पत्रकही देतो. गेली दोन वर्षं तीच माणसं आणि जवळपास तेच आकडे. त्यांतल्या एका काकांना मार्चमध्ये लकवा झाला. आमचं काय चुकतंय?
– एक कार्यकर्ती, लेस्टर

उत्तर : ताई, काकांचं वाचलं आणि मला माझे वडील आठवले. ते मिरजेला शिक्षक होते. येता-जाता ओळखीच्या कंपाउंडरकडून बीपी मोजून घ्यायचे, ‘जरा जास्त आहे’ हे ऐकायचे आणि घरी यायचे. गोळी घ्यायचे ती डोकं दुखलं तरच. ‘रोज घेतली की सवय लागते’ असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. त्यांचं बीपी वर्षानुवर्षं मोजलं गेलं, पण उपचार एक दिवसही नीट झाला नाही. लकवा झाल्यावर पाच वर्षं त्यांच्या उजव्या हाताने अक्षर उमटलं नाही.

तुमचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. पण शिबिर जिथे संपतं, तिथे खरं काम सुरू व्हायला हवं. याचा एक चांगला पुरावा लॉस एंजेलिसच्या सलूनमधून आलेला आहे.

अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये उच्च रक्तदाबाचं प्रमाण फार मोठं, आणि त्यामुळे येणारे अकाली मृत्यूही. दवाखान्यावर विश्वास कमी, त्यामागे पिढ्यांचे कडू अनुभव. पण न्हाव्यावर विश्वास पक्का. एकाच खुर्चीत दर दोन-तीन आठवड्यांनी वर्षानुवर्षं बसणारी माणसं. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी आधी डॅलसमध्ये न्हाव्यांना बीपी मोजायला शिकवून बघितलं. न्हावी मोजायचे आणि डॉक्टरकडे जायला सांगायचे. फरक पडला, पण थोडा. मग त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये ५२ सलूनमधले ३१९ जण घेतले. अर्ध्या सलूनमध्ये न्हाव्याने सल्ला द्यायचा आणि डॉक्टरकडे जा म्हणायचं, म्हणजे तुमच्या शिबिरासारखंच. उरलेल्या सलूनमध्ये खास प्रशिक्षण घेतलेला फार्मासिस्ट स्वतः यायचा, तिथेच बीपी बघायचा, डॉक्टरांशी ठरलेल्या पद्धतीप्रमाणे तिथेच औषध सुरू करायचा, पुढच्या भेटीत वाढवायचा. सहा महिन्यांनी पहिल्या गटात वरचा आकडा सरासरी ९ ने उतरला, दुसऱ्या गटात २७ ने. १३०/८० च्या खाली पोचलेले पहिल्या गटात शंभरात १२ सुद्धा नव्हते. दुसऱ्यात जवळपास ६४ होते. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा मी तो तक्ता दोनदा तपासून पाहिला होता. एकट्या गोळीनेही बीपी इतकं उतरताना सहसा दिसत नाही.

माणसं तीच, शहर तेच, खुर्चीही तीच. फरक एवढाच की ‘डॉक्टरकडे जा’ आणि ‘हे घ्या, पंधरा दिवसांनी मी परत येतो’ यांमधलं अंतर कुणीतरी स्वतः चालून गेलं.

आपल्या माणसांसाठी ते अंतर केवढं असतं, हे मी रोज बघते. सकाळी आठला फोन लावायचा, रांगेत थांबायचं, इंग्रजीत रिसेप्शनला कारण सांगायचं. गोदामात रात्रपाळी करणाऱ्याला सकाळी आठ म्हणजे झोपायची वेळ. आणि भाषेचं तर विचारूच नका. एका आजींना त्यांचा मुलगा घेऊन आला होता. त्या मला मराठीत म्हणाल्या, “चढ चढताना छातीत भरून येतं, बाई.” त्याआधी दुसऱ्या एका दवाखान्यात मुलाने त्याचं भाषांतर ‘थोडी दमते’ असं केलं होतं, आणि तेवढ्यावर त्या चार महिने घरी बसल्या होत्या. मुलगा वाईट नव्हता. त्याला आईची काळजी होती, पण ‘भरून येतं’ला त्याच्याकडे इंग्रजी शब्द नव्हता. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, दुभाषा फुकट मिळतो आणि तो मागण्याचा हक्क आहे, हे तुमच्या पत्रकाच्या पहिल्या ओळीत येऊ द्या.

आता यंदाचं बघू. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून औषधांच्या दुकानांत चाळिशीपुढच्यांचं बीपी मोफत मोजतात, आणि जास्त आलं तर चोवीस तास दंडाला लावायचं यंत्रही देतात. तुमच्या भागातल्या फार्मासिस्टला महिनाभर आधी भेटा आणि शिबिराच्या दिवशी हॉलवर यायची विनंती करा. गुजराती किंवा हिंदी बोलणारा मिळाला तर फारच छान. ते जमलं नाही तर ज्यांचं बीपी जास्त निघेल, त्यांच्यासोबत त्याच आठवड्यात कार्यकर्त्याने दुकानापर्यंत जायचं. सोबत जायचं, पत्ता देऊन थांबायचं नाही.

टेबल ढोल-ताशाजवळ नको. आरती झाल्या झाल्या, चहाचा कप हातात असताना मोजलेला आकडा खरा नसतो. वेगळी खोली, पाठीला टेकू, पाय जमिनीवर, दंड उघडा, पाच मिनिटं गप्प बसायचं. मशीनचा पट्टा दंडाच्या मापाचा हवा. लहान पट्टा घट्ट ओढून बसवला की आकडा उगाच वर जातो.

मंडळाच्या निधीतून चार-पाच चांगली मशीन घ्या आणि एकेका घरी आठवडाभर फिरवा. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा मोजून वहीत लिहायचं. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी ती १३५/८५ किंवा जास्त असेल, तर वही घेऊन जीपीकडे. आकड्यांनी भरलेली वही समोर ठेवली की ‘परत या’ असं सांगणं कुणालाही अवघड जातं. पण १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, बोलताना अडखळणं, हातातली ताकद जाणं, डोळ्यांपुढे अंधारी असं काही असेल, तर वही-बिही बाजूला ठेवून लगेच ९९९ ला फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स.

आणि ज्यांचं जास्त निघालं, त्यांना त्यांच्या परवानगीने तीन आठवड्यांनी फोन. पंधरा फोन म्हणजे दोन संध्याकाळचं काम. भारतातून राहायला आलेल्या सासू-सासऱ्यांनाही विसरू नका. इथे जीपीला दाखवण्याचे पैसे कुणालाच पडत नाहीत, मात्र हॉस्पिटलचं बिल येऊ शकतं. त्यांच्या गोळ्या संपत आल्या असतील तर ते संकोचाने बोलत नाहीत. आपण विचारायचं.

महाप्रसादाचं एकच सांगते. पंगतीत लोणचं-पापड वाढूच नका, मागितलं तर द्या. पापडात मिठाच्या जोडीला पापडखारही असतो, तोही सोडियमच. पत्रकावर ‘मीठ कमी करा’ वाचून माणसं आमटीतलं मीठ कमी करतात आणि पापडाला हात लावायला मोकळी होतात.

प्रश्न : मी ४१ वर्षांचा, आयटीत आहे, पूर्ण शाकाहारी. उंची १७० सेंमी, वजन ७१ किलो. नाशिकला माझ्या भावाला ४४ व्या वर्षी हार्ट अटॅक आला. इथे नर्सने तक्ता बघून ‘वजन नॉर्मल’ म्हणून परत पाठवलं. मी निर्धास्त राहू का?
– एक वाचक, हॅरो

उत्तर : नको. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, साधारण २४.६ येतो. गोऱ्या माणसांच्या तक्त्यात २५ पर्यंत नॉर्मल म्हणतात, पण दक्षिण आशियाई माणसासाठी इथल्याच मार्गदर्शक सूचना २३ पासून सावध व्हायला सांगतात. आपल्या शरीरात तेवढ्याच वजनाला पोटावरची चरबी जास्त असते आणि मधुमेह लवकर गाठतो. माझ्या दवाखान्यापासून जवळच असलेल्या साउथॉल आणि ब्रेंट भागात १९८८ पासून हजारो लोकांची तपासणी करून त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यातून हेच पुढे आलं की पंजाबी, गुजराती अशा आपल्या लोकांमध्ये कमरेचा घेर, इन्शुलिनला न जुमानणारं शरीर आणि हृदयविकार हे हातात हात घालून येतात.

घरी एक सुतळी घ्या. डोक्यापासून टाचेपर्यंत उंचीएवढी कापा आणि दुमडून निम्मी करा. बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध ती पोटाभोवती लावा, श्वास आत न ओढता. टोकं जुळली नाहीत, म्हणजे घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त निघाला, तर नर्सचा तक्ता विसरा.

जीपीकडे जाऊन तीन गोष्टी स्पष्ट सांगा : सख्ख्या भावाला साठीच्या आत अटॅक, मी भारतीय वंशाचा, मला क्यूरिस्क, म्हणजे पुढच्या दहा वर्षांत हार्ट अटॅक किंवा लकवा येण्याच्या धोक्याचा हिशेब, काढून हवा आहे. त्या हिशेबात वंश आणि घरातला इतिहास दोन्ही धरतात. सोबत कोलेस्टेरॉल, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि बीपी. चाळिशी ओलांडल्यामुळे एनएचएसची मोफत हेल्थ चेक तुम्हाला तशीही मिळायला हवी. एक सावधगिरी : दहा वर्षांचा धोका तुमच्या वयात कमीच दिसणार, कारण त्या गणितात वयाचं वजन सगळ्यात जास्त. म्हणून ‘हृदयाचं वय’ किती आलं, तेही विचारा.

शाकाहारावर मात्र विसंबू नका. उपासाची साबुदाणा खिचडी, पोह्यांवर मूठभर शेव, चारच्या चहाबरोबर बिस्किटं, हे सगळं शाकाहारीच आहे. आणि तुमच्या भावालाही इतक्याच मोकळेपणाने लिहिलंत का? अँजिओप्लास्टी झाली असेल तर त्याच्या गोळ्या त्याने मनाने बंद केलेल्या नाहीत ना, एवढं आजच फोन करून बघा.

प्रश्न : मी ५० वर्षांची. मला बीपीसाठी रामिप्रिल दिली. माझी जमैकन मैत्रीण माझ्याच वयाची, तिला त्याच दवाखान्यात अ‍ॅम्लोडिपिन. रंग बघून औषध देतात का? ती दुखावली आहे.
– एक वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर : तिचं दुखावणं मला कळतं, पण औषध चुकीचं नाही. इथल्या सूचनांप्रमाणे पंचावन्नच्या आतल्या माणसाला पहिली गोळी सहसा रामिप्रिलच्या गटातली. आफ्रिकन किंवा कॅरिबियन वंशाच्या माणसाला कुठल्याही वयात अ‍ॅम्लोडिपिनच्या गटातली. रामिप्रिल रेनिन नावाच्या रसायनाच्या साखळीवर काम करते. या लोकांमध्ये ते सरासरीने कमी असतं, म्हणून ती एकटी दिली तर कमी पडते. ओठ-जीभ सुजण्याचा धोकाही त्यांना जास्त. मधुमेह असेल तर मात्र हा नियम बदलतो.

सरासरी म्हणजे तुमची मैत्रीण नव्हे, हेही खरं. तिच्या शरीराला काय लागू पडतं, ते मोजूनच कळणार. तिच्या समाजात लकव्याचं प्रमाण जास्त आहे, म्हणून मला गोळीच्या नावापेक्षा काळजी वाटते ती तिच्या आकड्याची. गोळी सुरू झाल्यावर कुणी परत बोलावलं का? बीपी दवाखान्यात १४०/९० च्या खाली आलं का? नसेल, तर डोस वाढवायला किंवा दुसरी गोळी जोडायला हवी, आणि ते राहून गेलं असेल तर तिची तक्रार रास्त आहे. या शनिवारी दोघी मिळून औषधाच्या दुकानात जा, दोघींचंही मोजून घ्या आणि दोन्ही आकडे कागदावर लिहून आणा.