प्रमाणपत्र आहे, पण नोंदणी?

प्रश्न : बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या कार्यशाळेत मी सहा वर्षं मदतनीस आहे. समुपदेशनाचा तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्सही केलाय. परवा एका आईनं विचारलं, "तुमचा नोंदणी क्रमांक काय?" मी गप्पच झाले.

उत्तर : ताई, त्या आईचा राग धरू नका, तिनं बरोबर विचारलं. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२चा. विशेष शिक्षक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट अशांची नावं परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत असावी लागतात. नोंदणीविना हे व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. (दंडाला हसू नका, कैदही लिहिलीय!) तुमच्या ऑनलाइन कोर्सवर ही नोंदणी मिळणार नाही.

नोंदणी हवीच असेल, तर परिषदेची मान्यता असलेली विशेष शिक्षणाची पदविका बघा. फी भरण्याआधी मात्र परिषदेच्या यादीत संस्थेचं नाव, अभ्यासक्रम आणि तुमच्या प्रवेशाचं वर्ष, तिन्ही स्वतः वाचा. मान्यता ठरावीक मुदतीची असते. माझ्या हाताखालच्या एका मुलीनं भिंतीवरचं फ्रेममधलं मान्यतापत्र पाहून पैसे भरले. खालची तारीख कधीच उलटून गेली होती. कोपऱ्यात, अगदी बारीक अक्षरात. दोन वर्षं गेली पोरीची.

तोवर त्या आईला सरळ सांगा, "मी मदतनीस आहे, थेरपिस्ट नाही." मुलाला शर्टाची बटणं लावायला तुम्ही शिकवलंत ना? तेही सांगा. त्याला क्रमांक लागत नाही.