रस्त्याकडेची झाडं दोन-तीन वर्षांत का मरतात? लावताना काय पाहावं?

बहुतेकदा दोष रोपाचा नसतो, खड्ड्याचा असतो. पदपथ उकरून पाहा: वर फरशी, खाली खडी आणि रोलर फिरवून दगडासारखा केलेला मुरूम. मुळांना ना शिरायला जागा, ना हवा. तिथे हातभर खड्डा म्हणजे निव्वळ कुंडी. खड्डा रोपाच्या मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद हवा, खोल मात्र गोळ्याइतकाच. बुंधा खाली पसरट होतो तो भाग मातीवर दिसलाच पाहिजे. तो गाडला की साल कुजते आणि झाड हळूहळू झुरत जातं. तोवर लावणारे फोटो काढून केव्हाच गेलेले असतात! पिशवीत गोल फिरलेली मुळंही कापून मोकळी करा, नाहीतर पुढे तीच बुंध्याला फास लावतात.

जात ठरवण्याआधी मान वर करा. विजेच्या तारा असतील तर बुटकं झाड. चौकाच्या तोंडाशी तर नकोच, समोरचं वाहन दिसत नाही.

एकाच जातीची रांग देखणी दिसते, पण एल्म झाडांच्या ‘डच एल्म’ या बुरशीजन्य रोगाने युरोप-अमेरिकेत अशा रांगाच्या रांगा साफ केल्या. 1990 मध्ये अमेरिकी वृक्षतज्ज्ञ फ्रँक सांतामूर यांनी सुचवलेला आडाखा असा: शहरात एका जातीची 10, एका प्रजातीची (जवळच्या जातींच्या गटाची) 20 आणि एका कुळाची (अशा प्रजातींच्या मोठ्या गटाची) 30 टक्क्यांहून अधिक झाडं नकोत.

पहिली दोन-तीन वर्षं पाणी कोण घालणार, हे आधी ठरवा. आणि लोखंडी पिंजरा खोडात रुतायच्या आत काढा.