200 ग्रॅमच्या वॉटरप्रूफ जॅकेटला 18 हजार मोजावेत का?

200 ग्रॅमचं, 18 हजारांचं वॉटरप्रूफ जॅकेट घ्यावं का, असं तुम्ही विचारलंत आणि दोन ट्रेक लिहिलेत: जुलैत सह्याद्रीतला हरिश्चंद्रगड आणि सप्टेंबरात हिमाचलातला हमटा पास. सह्याद्रीसाठी हे जॅकेट घेऊ नका. हमट्यासाठी थोडे पैसे जास्त घाला, पण तिथेही सगळ्यात हलकं नको.

महाग जॅकेटमध्ये पैसे जातात ते मुख्यतः मेंब्रेनचे, म्हणजे पाणी अडवून वाफ सोडणाऱ्या पातळ पडद्याचे. घामाची वाफ त्यातून बाहेर पडते, पण त्यासाठी आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या बाष्पदाबात फरक लागतो. पावसाळ्यात आपल्या डोंगरांत हवा उबदार आणि बाष्पाने गच्च. फरक राहतोच कुठे? हरिश्चंद्रगडाच्या वाटेवरचा टोलारखिंडीचा चढ संपेपर्यंत 2 हजारांचं आणि 18 हजारांचं, दोन्ही आतून सारखीच ओली. इथे वाफ बाहेर काढतात त्या काखेतल्या चेन. त्या नसतील तर बाकी काही बघूच नका. वारा नसेल तर पोंचो याहून बरा, सॅकही झाकली जाते.

दुसरं म्हणजे वजन. 200 ग्रॅममध्ये बसवायला कापड 10-15 डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप), म्हणजे खूप पातळ, करावं लागतं. ते फाटायला करवंदीची एक जाळी पुरते. सॅकच्या पट्ट्याखाली खांद्यावर ते सगळ्यात आधी झिजतं.

हमट्याला, 4,270 मीटरवर, हवा थंड असते, त्यामुळे मेंब्रेन तिथे खरंच काम करतं. भिजून वाऱ्यात थांबलात तर हायपोथर्मियाचा (शरीराचं तापमान धोकादायक उतरण्याचा) धोका असतो. 350-450 ग्रॅमचं, 3 लेयरचं (बाहेरचं कापड, मेंब्रेन आणि आतलं अस्तर एकत्र चिकटवलेलं), 20-30 डेनियरचं किंवा त्याहून जाड कापडाचं जॅकेट घ्या. लेबलवरचा मिमीचा आकडा म्हणजे कापड पाण्याचा किती दाब अडवतं ते; 10,000 मिमी पावसाला पुरतो. 20,000 चा फायदा पट्ट्याच्या दाबाखाली किंवा ओल्या दगडावर बसल्यावर. दुकानात जॅकेट उलटं करून बघा: प्रत्येक शिवणीवर टेप हवी, टोपीला पुढे ताठ कड हवी, आणि टोपी घालून मान वळवली की तीही वळली पाहिजे. नुसतं 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेलं असेल तर घेऊ नका.

'वर्षभरात गळायला लागलं' म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा ते गळत नसतंच. वरच्या कापडावरचा पाणी झटकणारा थर (डीडब्ल्यूआर) गेलेला असतो. कापड पाणी पितं, वाफ अडते आणि आतला घाम पावसाचं पाणी वाटतो. नळाखाली बाही धरा. थेंब घरंगळले तर ठीक. गडद डाग पसरला तर थर गेला. सॉफ्टनर न घालता सौम्य लिक्विड साबणाने धुवा, दोनदा खळबळा. वाळल्यावर, लेबलवर चालतं म्हटलं असेल तर, वर सुती कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवा. तरीही थेंब घरंगळत नसतील तर डीडब्ल्यूआर स्प्रे.

ओलं जॅकेट पिशवीत कोंबून कपाटात ठेवलं की आतला पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर चिकट होऊन पापुद्रे सुटतात. त्याला मात्र इलाज नाही, किंमत कितीही असो. सेलमधला जुना स्टॉक घेताना आतून नखाने टेप खरवडून बघा.