घरी जलरंग जमतात, पण बाहेर बसलं की चित्र मळतं. लँडस्केप स्पर्धेची तयारी कशी करू?

तुम्ही लिहिलंय की फोटोवरून काढलेली चित्रं बरी होतात, पण राजवाड्यासमोर बसलं की सगळं काळवंडतं, आणि डिसेंबरात जागेवर बसून तीन तासांत चित्र पूर्ण करायच्या स्पर्धेत तुम्ही नाव दिलंय. मी इंदूरचीच, बाहेर बसून रंगवणं हा माझा जिवाभावाचा विषय, म्हणून जरा सविस्तर सांगते. माझ्या मते तुमची अडचण रंगांची नाहीच, सावलीची आहे.

फोटोतली सावली जागची हलत नाही. बाहेर सूर्य तासाला 15 अंश सरकतो, म्हणजे तीन तासांत 45. नऊ वाजताची सावली डाव्या बाजूला रंगवली आणि साडेअकराची उजव्या बाजूला, तर एकाच चित्रात दोन सूर्य होतात. मग एकाला दुसऱ्याशी जुळवायला आपण थरावर थर चढवतो, आणि चित्र मळतं ते तिथे. म्हणून रंगाची पेटी उघडायच्या आधी तळहाताएवढ्या चौकटीत 4बी पेन्सिलीनं फक्त तीन टोन मांडा: कागदाचा पांढरा, मधला आणि गडद. बाजूला वेळ लिहा. त्यानंतर समोर ऊन कुठेही जाऊ दे, तुम्ही त्या छोट्या चौकटीचंच ऐकायचं. मोठ्या कागदावर सावल्यांच्या कडा पेन्सिलीनं आधी बांधून घ्या, खिडक्या-कोनाडे नंतर.

दुसरं, कागद आणि पॅलेट दोन्ही सावलीत हवेत. उन्हात पांढरा कागद इतका चमकतो की लावलेला रंग फिकाच वाटतो, आपण आणखी गडद करतो, आणि घरी आणल्यावर चित्र अंधारलेलं दिसतं. छत्री लावणार असाल तर पांढरी, करडी किंवा काळी घ्या. लाल-निळ्या छत्रीखाली तिचाच रंग कागदावर उतरतो आणि डोळा फसतो.

आता कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांचं, म्हणजे होळकरांच्या दगडी समाधी-वास्तूंचं, उदाहरण घेऊ, कारण सरावाला त्याहून चांगली जागा मला माहीत नाही. माळव्याचा काळा दगड समोर आला की हात आपोआप काळ्या रंगाकडे जातो. तो रंग घरीच ठेवा. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी भरपूर पाण्यात मिसळा, सावलीतल्या बाजूला निळा थोडा जास्त. बोर्ड जरा तिरका ठेवून 12 नंबरचा गोल ब्रश पूर्ण भरून घ्या आणि शिखराच्या टोकापासून खाली या. वॉशच्या, म्हणजे या पाणीदार सलग थराच्या, खालच्या कडेला पाण्याचा फुगीर थेंब साठलेला दिसेल, तो सुकू न देता खाली ओढत न्या. शिखर, मंडप, खांबांमधला अंधार, सगळं एकाच सावलीत बांधलं जातं. जोत्यापाशी पोचलात की वॉश ओला असतानाच यलो ऑकरचा, म्हणजे मातकट पिवळ्याचा, एक स्पर्श सोडा. जमिनीवरचं ऊन उलटून दगडावर येतं, ते नेमकं तिथे दिसतं.

मग ब्रश खाली ठेवा. ओल्या कागदावर चमक असते तोवर रंग सोडता येतो, पूर्ण सुकल्यावर दुसरा थर देता येतो. चमक गेलीय पण ओल आहे, ती मधली वेळ घातकी. तेव्हा लावलेला पाणीदार ब्रश खालचा रंग ढकलून कडा फुललेला डाग सोडतो, आणि तो पुसायला गेलं की आणखी बिघडतं. डिसेंबरच्या कोरड्या हवेत ही वेळ लवकर सरते, भाद्रपदात संपता संपत नाही. तेवढ्यात उठून दहा पावलं मागे जा आणि चित्र लांबून बघा. परीक्षकही ते लांबूनच बघणार आहेत. सुकल्यावर रंग थोडा उतरतो, हेही लक्षात ठेवून पहिला हात दबकत मारू नका.

ऋतू तुमच्या बाजूचा आहे. कर्कवृत्त उज्जैनच्या थोडं उत्तरेकडून जातं, त्यामुळे जूनमध्ये आपल्याकडे भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो आणि इमारती सपाट दिसतात. डिसेंबरात तो माध्यान्हीलाही क्षितिजापासून जेमतेम 44 अंश चढतो, म्हणजे सावल्या दिवसभर तिरप्या मिळतात.

कागदाचं आत्ताच विचारून घ्या. पुष्कळ ठिकाणी आयोजकच मागे शिक्का मारलेला कागद देतात, आणि तो 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, सुती कागद असेलच असं नाही. साधा कार्ट्रिज कागद रंग लगेच पितो आणि फुगून वर येतो, त्यावर फार ओलं काम निभत नाही. जो मिळणार असेल त्याच कागदावर सराव करा, चांगला कागद हौसेसाठी ठेवा. आकारही तोच. पाव तावाची सवय असलेल्याला अर्धा ताव तीन तासांत भारी पडतो, कारण ब्रश लहान पडतो.

सामान कमी न्या. पाच-सहा रंग पुरतात. ट्यूबमधला रंग ताजा काढा, नाहीतर पॅलेटवर वाळलेल्या रंगावर आधी पाणी शिंपडून तो मऊ होऊ द्या. पाण्याची दोन भांडी, जुनं सुती फडकं, चिकटपट्टी, टोपी, घडीचं स्टूल. भिंतीला पाठ लावून बसा, म्हणजे 'भिया, क्या बना रहे हो?' विचारणारे निदान मागून डोकावणार नाहीत. येतात ते प्रेमानंच, पण वॉश चालू असेल तर मान वर करू नका.

आणि नव्या नव्या जागा शोधत फिरू नका. एकच जागा निवडा, सकाळी, दुपारी, उतरत्या उन्हात पुन्हा पुन्हा काढा, घड्याळ लावून. देवळालीकर मास्तरांनी 1927 मध्ये ज्या गावात चित्रकलेची शाळा काढली, जिथे बेंद्रे, हुसेन, डी. जे. जोशी, चिंचाळकर गुरुजी शिकले, त्या गावात आपण राहतो. बेंद्र्यांचा सुरुवातीचा ओढा निसर्गचित्राकडेच होता. देवळालीकर कला वीथिकेत प्रदर्शन लागलं की जलरंगांसमोर जरा रेंगाळा, आणि कुठे कागद कोरा सोडलाय तेवढंच शोधा.

स्पर्धेचा शेवटचा अर्धा तास नवं काही सुरू करायचं नाही. दोन-चार गडद जागा, एखादी माणसाची आकृती, सही. नियमांचा कागद हातात आला की आकार आणि कागदाचा प्रकार मला कळवा, ब्रश कोणते न्यायचे ते नेमकं सांगते.