पेरोल मॅनेजर नेमकं काय करतो आणि त्यासाठी काय यावं लागतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही अकाउंट्समध्ये पगारपत्रकाचं काम करता. हजेरी मागवणं, सॉफ्टवेअरमध्ये भरणं, स्लिपा काढणं. आता ऑफिसात पेरोल मॅनेजरची जागा निघाली आहे आणि तुम्हाला वाटतंय की सगळं सॉफ्टवेअरच करतं, मग मॅनेजर काय करतो? आणि अर्ज करायचा तर आपल्याकडे काय असायला हवं?

मी बरीच वर्षं हेच काम करतोय, म्हणून आधी थेट उत्तर देतो. मागच्या महिन्यापेक्षा ह्या महिन्याच्या पगारात जो काही फरक पडला, त्यातल्या प्रत्येक रकमेचं कारण कागदासकट सांगता येणं, हे पेरोल मॅनेजरचं काम. लागणारी बहुतेक कौशल्यं ह्या एका गोष्टीतूनच निघतात.

हिशोब सॉफ्टवेअर करतं हे खरंच आहे, आणि आजपासून नाही. ब्रिटनमधल्या जे. लायन्स कंपनीने लिओ नावाचा स्वतःचा संगणक बनवला होता आणि १९५३-५४ मध्येच त्यावर कर्मचाऱ्यांचे पगार काढायला सुरुवात केली होती. म्हणजे ऑफिसातल्या कामांपैकी संगणकाकडे अगदी सुरुवातीला जी कामं गेली, त्यात पगार आहे. सत्तर वर्षं उलटली तरी पेरोल विभाग बंद पडलेले नाहीत, कारण संगणकाला दिलेली माहिती खरी आहे का, हे संगणकाला कळत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा मागच्या महिन्यात २१२ जणांचा मिळून ढोबळ, म्हणजे कपातीआधीचा, पगार ८४,२०,००० होता. ह्या महिन्यात सॉफ्टवेअर ८५,९५,००० दाखवतंय. वाढ १,७५,०००, म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास. नुसतं बघून कुणालाही खटकणार नाही. आता एचआरकडून आलेले कागद पुढ्यात घ्या. तीन नवे लोक आले, त्यांचे १,३०,००० वाढले. दोघे सोडून गेले, त्यांचे ९५,००० कमी झाले पाहिजेत. पगारवाढीचे ६०,०००. ओव्हरटाइम मागच्यापेक्षा ४२,००० जास्त. बिनपगारी रजांमुळे १२,००० कमी. सगळं मिळून १,२५,००० होतात. ५०,००० चा पत्ता लागत नाही. मग माणसं मोजायची: २१२ मध्ये तीन आले, दोन गेले, २१३ व्हायला हवेत. रनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने काढलेल्या ह्या महिन्याच्या पगारात, २१४ दिसतात. सोडून गेलेल्यांपैकी एकाची शेवटची तारीख सिस्टीममध्ये भरलीच गेलेली नाही आणि त्याचा पूर्ण पगार निघायला तयार आहे. हे बँकेत फाइल जायच्या आधी सापडलं तर पाच मिनिटांचं काम. नंतर सापडलं तर त्या माणसाला फोन, पत्रं, त्या रकमेवर भरलेल्या कराची दुरुस्ती, आणि तरीही पैसे परत येतीलच असं नाही.

इथे आणखी एक गोष्ट. चुका एकमेकींना झाकतातही. एकाचे ५०,००० जास्त निघाले आणि एका शिफ्टचा तेवढाच ओव्हरटाइम यायचा राहिला, तर बेरीज सुरेख जुळते. म्हणून ‘एकूण जुळलं’ एवढ्यावर मी रन कधीच पुढे जाऊ देत नाही. विभागवार, पगाराच्या घटकावार आणि शेवटी माणसागणिक फरक काढायचा. ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त हललेली प्रत्येक ओळ उघडून बघायची. अजिबात न हललेल्या काही ओळीही बघायच्या: ज्याची बढती झाली त्याचा पगार तसाच का आहे?

दुसरी मोठी जागा म्हणजे धोरणाची भाषा. एखादी व्यक्ती १७ तारखेला रुजू झाली, महिना ३० दिवसांचा, पगार ३०,०००. पहिल्या महिन्याचे किती द्यायचे? कॅलेंडरच्या दिवसांवर मोजलं तर १४ दिवसांचे १४,०००. कामाच्या दिवसांवर मोजलं, आणि महिन्यात २२ कामाचे दिवस असून त्यातले १० तिच्या वाट्याला आले, तर १३,६३६. दोन्ही आकडे बरोबर असू शकतात, पण एका कंपनीत एकच चालला पाहिजे आणि तो कुठेतरी लिहिलेला असला पाहिजे. हे ‘आपण नेहमी असंच करतो’ म्हणून एखाद्याच्या डोक्यात असतं तेव्हा तो माणूस रजेवर गेला की दुसरा वेगळं मोजतो, आणि दोन सहकारी कॅन्टीनमध्ये आपापल्या स्लिपा ताडून बघतात तेव्हा उत्तर द्यायला कुणाकडे काही नसतं. मॅनेजर झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत असे अलिखित नियम शोधून, एचआर आणि फायनान्सची मंजुरी घेऊन कागदावर आणणं, ह्याच्याइतकं उपयोगी काम मला तरी दुसरं माहीत नाही.

अरिअर्समध्ये, म्हणजे मागच्या महिन्यांचा राहिलेला फरक देताना, माणसाची खरी परीक्षा होते. पगारवाढ मे महिन्यात मंजूर झाली आणि लागू फेब्रुवारीपासून आहे. तीन महिन्यांचा फरक द्यायचा, एवढं सोपं दिसतं. पण मार्चमध्ये त्या व्यक्तीची दोन दिवस बिनपगारी रजा होती, त्या दिवसांचा फरक द्यायचा नाही. एप्रिलमधला ओव्हरटाइम जुन्या दराने दिला होता, त्याचाही फरक निघतो. एप्रिलच्या मध्यावर विभाग बदलला, म्हणजे खर्च दोन विभागांत वाटायचा. शिवाय वर्षाचं उत्पन्न बदललं म्हणून कराची कपात नव्याने काढायची. चांगली सिस्टीम हे सगळं करते, पण जुना पगार तिच्याकडे तारखेसकट असला तरच. कुणी घाईत नवी ओळ न घालता जुन्याच आकड्यावर नवा आकडा लिहिला, तर इतिहास पुसला जातो आणि मग जुन्या स्लिपा उघडून हाताने बसावं लागतं. आपल्या टीमला ‘ओव्हरराइट करायचं नाही, लागू तारीख टाकून नवी नोंद करायची’ ही सवय लावणं हेही मॅनेजरचंच काम.

आता कट-ऑफ. वीस तारखेपर्यंत आलेलीच माहिती ह्या महिन्यात, असं ठरलेलं असतं आणि तेवीसला एखाद्या विभागप्रमुखाचा फोन येतोच: एवढा एक इन्सेंटिव्ह घ्या ना. इथे नम्रपणे नाही म्हणता आलं पाहिजे. उशिरा घुसवलेली नोंद तपासायला वेळ उरत नाही, आणि मोठ्या चुका तिथूनच आत येतात. पण हाच नियम मी सगळीकडे लावत नाही. आपल्या चुकीने कुणाचा पगार कमी गेला असेल तर ‘पुढच्या महिन्यात जमा होईल’ हे उत्तर मला मान्य नाही. त्याच आठवड्यात वेगळं पेमेंट काढायचं. कमी पगाराच्या माणसाला चार हजार कमी मिळाले की त्याचा घरभाड्याचा किंवा कर्जाचा हप्ता चुकतो. त्याने महिनाभर का थांबावं?

पैसे सुरक्षित ठेवणं हा कामाचा असा भाग आहे की नोकरीच्या जाहिरातीत त्याला एखादंच वाक्य मिळतं, प्रत्यक्षात तो रोजचा असतो. ज्याने नवीन कर्मचारी सिस्टीममध्ये घातला, त्यानेच बँकेची फाइल सोडायची नाही. हे मेकर-चेकर, म्हणजे नोंद करणारा एक आणि तपासणारा दुसरा, काटेकोर पाळलं नाही तर अस्तित्वातच नसलेल्या माणसांच्या नावाने पगार निघण्याची वाट मोकळी होते. दर महिन्याला एक साधी तपासणी लावून ठेवा: एकाच बँक खात्यावर दोन कर्मचारी आहेत का? रजा, हजेरी, कपात अशी कसलीच हालचाल नसलेला कुणी आहे का? आणि बँक खातं बदलायची विनंती ईमेलवर आली तर तिच्यावर कधीच थेट कारवाई करायची नाही. आधीपासून नोंदवलेल्या नंबरवर त्या व्यक्तीला स्वतः फोन करायचा. कर्मचाऱ्याचे लॉगिन तपशील चोरून पगार भलत्याच खात्यात वळवण्याच्या प्रकारांबद्दल अमेरिकेच्या एफबीआयने २०१८ मध्येच जाहीर इशारा दिला होता.

कायद्याचं म्हणाल तर सगळी कलमं पाठ असावी लागत नाहीत. अमेरिकेत १९४३ पासून आणि ब्रिटनमध्ये १९४४ पासून पगारातूनच कर कापून घ्यायची व्यापक पद्धत सुरू झाली, आणि आज बहुतेक देशांत मालक हाच सरकारसाठी कर गोळा करतो. कापलेले पैसे वेळेत भरले नाहीत तर जबाबदारी मालकावर येते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९४९ च्या वेतन संरक्षणाच्या ९५ क्रमांकाच्या करारात मूळ तत्त्वं आहेत: पगार नियमितपणे द्यायचा, कपात फक्त कायद्याने किंवा सामूहिक कराराने वगैरे ठरवलेल्या मर्यादेतच करायची, आणि पगाराचा तपशील कामगाराला कळला पाहिजे. तुम्हाला यायला हवं ते हे: आपल्याकडे नवा दर आला की तो काम केलेल्या काळाला लागू आहे की पगार दिल्याच्या तारखेला, हे परिपत्रकात शोधणं. निम्म्याहून जास्त गोंधळ ह्या एका प्रश्नावर होतात. शंका असेल तर सल्लागाराकडून लेखी उत्तर घ्यायचं.

पगार खात्यात गेला की काम संपत नाही. नाकारली गेलेली पेमेंट्स, लेजरमधल्या देय पगाराच्या खात्याचा ताळमेळ, कर आणि निधी भरल्याच्या पावत्या हे सगळं बाकी असतं. तुम्ही अकाउंट्समधून आला आहात, तेव्हा ह्या भागात तुम्ही इतरांच्या पुढेच असाल.

अनुभवी माणसं आणि नियमांची माहिती ह्यांना कमी लेखलं की काय होतं, त्याचं मोठं उदाहरण कॅनडात आहे. तिथल्या केंद्र सरकारने २०१६ मध्ये फीनिक्स नावाची नवी पगार प्रणाली सुरू केली. जवळपास २,९०,००० कर्मचारी आणि पगाराचे ८०,००० हून अधिक नियम. खर्च वाचवायला वेगवेगळ्या खात्यांतले सुमारे १,२०० पगार सल्लागार काढून एका केंद्रात साधारण ५५० जण बसवले गेले. मर्यादित प्रमाणावर चाचणी घेऊन बघितली नाही, आणि अरिअर्ससारखी काही महत्त्वाची कामं सिस्टीममधून तात्पुरती वगळली गेली. लोकांना कमी, जास्त किंवा काहीच पगार न मिळण्याचे प्रकार वर्षानुवर्षं चालले. २०१८ च्या अहवालात महालेखापरीक्षकांनी त्याला अनाकलनीय अपयश म्हटलं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याच्या आरोग्य विभागातही २०१० मध्ये नवी प्रणाली लावल्यावर हजारो कर्मचाऱ्यांचे पगार चुकले आणि पुढे चौकशी आयोग नेमावा लागला. म्हणून तुमच्या कारकिर्दीत सॉफ्टवेअर बदलायची वेळ आली, आणि ती येतेच, तर निदान दोन-तीन महिने जुनं आणि नवं दोन्ही समांतर चालवून माणसागणिक निव्वळ पगार जुळवल्याशिवाय सही करू नका. तारीख पुढे ढकलल्याचा राग परवडतो.

आता माणसांबद्दल. तुम्हाला सगळ्यांचे पगार, कुणाच्या पगारावर कोर्टाची जप्ती आहे, कुणी किती कर्ज घेतलंय, हे सगळं ठाऊक असणार. ते घरी, मित्रांत, टीममध्येही बोलायचं नाही. त्याचबरोबर कुणी स्लिप घेऊन आलं तर ‘सिस्टीममध्ये असंच येतं’ असं सांगून परत पाठवायचं नाही. ओळीवर बोट ठेवून, ‘हे इथून आलं, हे ह्यामुळे कापलं’ असं त्या माणसाच्या भाषेत सांगता आलं पाहिजे. हे कौशल्य मी टीममध्ये माणूस घेताना सर्वांत आधी बघतो. एक्सेलमधले लुकअप आणि पिव्होट शिकवता येतात. समोरच्याच्या पैशाबद्दल आस्था नसेल तर ती कशी शिकवायची, ते मला अजून जमलेलं नाही.

सर्टिफिकेट कोर्स असला तर चांगलंच, अर्ज पुढे सरकतो. पण मुलाखतीआधी हे करा: सॉफ्टवेअर बंद ठेवून स्वतःची एक स्लिप कागदावर ढोबळ पगारापासून हातात येणाऱ्या रकमेपर्यंत काढा. मग महिन्याच्या अर्ध्यात सोडून गेलेल्या एखाद्याचा अंतिम हिशोब तसाच काढा, शिल्लक रजा आणि उरलेल्या कर्जासकट. जिथे अडाल तो तुमचा अभ्यासक्रम. आणि मुलाखतीत तुम्हीही विचारा: कट-ऑफ कोण मोडू शकतं? बँकेची फाइल कोण तपासतं आणि कोण सोडतं? मागच्या वर्षी किती वेळा वेगळं पेमेंट काढावं लागलं आणि का? पेरोलमधला माणूस सलग दोन आठवडे रजेवर गेला तर काम कोण करतं? शेवटच्या प्रश्नावर समोरचे एकमेकांकडे बघायला लागले, तर जागा घेण्याआधी टीममध्ये आणखी एक माणूस मागून घ्या.