वडील ७४ वर्षांचे आहेत, एकच गोष्ट चार वेळा विचारतात, गप्पांत भाग घेत नाहीत. वय झालं की असं होतंच का?

"वय झालं की असं होतंच" हे वाचलं आणि लिहायलाच बसले, कारण ह्याच एका वाक्यापायी आमच्या अण्णांची दोन वर्षं वाया गेली.

आधी सांगा, कान तपासलेत का? बहुतेक नसतीलच.

अण्णा एसटीत कंडक्टर होते, बरीच वर्षं सातारा-महाबळेश्वर मार्गावर. गाडी खच्चून भरलेली असली तरी पाचवडला कोण उतरणार, वाईच्या म्हातारीचे किती सुट्टे द्यायचे राहिलेत, सगळं डोक्यात. पंचाहत्तरीनंतर हळूहळू गप्प झाले. वहिनी म्हणाली साखर संपली, हे म्हणाले कातर कशाला हवी. पोरं हसली. असं चारदा झालं की माणूस बोलायचंच सोडतो, टीव्हीसमोर बसून राहतो. दादाने ठरवून टाकलं, डोक्यावर परिणाम झालाय. डॉक्टरकडे नेलं, तिथे ती ३० मार्कांची तपासणी असते ना, तीन शब्द सांगतात आणि थोड्या वेळाने परत विचारतात. डॉक्टरांच्या तोंडाला मास्क, वर पंखा घरघरतोय, अण्णांना शब्दच कळले नाहीत तर आठवणार काय? १७ मार्क पडले. त्याच आठवड्यात पासबुक आणि एटीएम कार्ड दादाच्या कपाटात गेलं.

दिवाळीला मी त्यांना पुण्याला आणलं. सकाळी स्वयंपाकघरात बोलत बसायचो, तेव्हा लक्षात आलं की मी चहा गाळायला पाठ फिरवली की अण्णांचं उत्तर थांबतं, परत तोंड केलं की सुरू. माणूस माझे ओठ वाचत होता! दुसऱ्याच दिवशी ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो त्याचा आलेख, करून घेतला. कागदावरची रेघ डावीकडे, खालच्या पट्टीच्या आवाजांना बरी आणि उजवीकडे, उंच पट्टीला पसरणी घाट उतरावा तशी खाली.

म्हातारपणी आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, त, थ, फ हे त्यातलेच. स्वर ऐकू येतात, म्हणून "ऐकू येतं पण कळत नाही" असं ते म्हणतात आणि घरच्यांना वाटतं सोयीचं तेवढं ऐकतात. ओरडून उपयोग नाही, ओरडलं की स्वरच मोठे होतात आणि म्हाताऱ्याला वाटतं आपल्यावर खेकसतायत. त्यात अर्धं डोकं शब्द जुळवण्यातच खर्च झालं तर लक्षात ठेवायला उरतं काय? मग तेच परत विचारतात.

कानाचं मशीन लावल्यावर पहिला महिना फार वाईट गेला, भांड्यांचा आवाज सहन होईना, रोज काढून डबीत. रोज थोडा थोडा वेळ लावत सवय झाली. पुन्हा तपासणी केली तर २५ मार्क.

आता हेही सांगते, सगळं कानाचंच असतं असं नाही. उतारवयात विचारांचा वेग कमी होतोच, नावं जिभेवर येऊन अडतात, अण्णांचंही होतं, ते नॉर्मल आहे. पण ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, रोजचा पैशांचा हिशोब न जमणं हे दिसलं तर न्यूरोलॉजिस्टकडे न्याच. बी१२ आणि थायरॉइड तपासा, झोपेच्या किंवा सर्दीच्या गोळ्या चालू असतील तर त्या दाखवा, उदासपणामुळेही असं होतं. आणि दोन दिवसांत अचानक असंबद्ध बडबडायला लागले तर लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी होणं असलं काही असू शकतं, थांबू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. शिवाय नुसतं कमी ऐकू येणं हाच पुढच्या डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) एक धोका आहे, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोग्या १४ कारणांत ते आहे.

पण कागदोपत्री काही ठरायच्या आत त्यांचे व्यवहार काढून घेऊ नका. दादाचं म्हणणं, फसवणुकीचे फोन येतात म्हणून काळजीपोटी ठेवलं. काळजी होती तर शेजारी बसून बँकेत न्यायचं होतं. मी हे बोलले तर "तू लग्न होऊन गेलीस, रोज आम्हाला बघावं लागतं" असं ऐकून घेतलं. बघावं लागतं हे खरंच आहे, वहिनीने खूप केलंय, पण पेन्शन अण्णांची आहे.

पासबुक अजून त्याच कपाटात आहे. अण्णा दर महिन्याला मागतात, दादा म्हणतो बघा, परत तेच विचारतायत. गेल्या महिन्यात अण्णांनी मला फोनवर सांगितलं, "अगं, मागच्या वेळी त्याने उत्तरच दिलं नाही, म्हणून परत विचारलं."