वाचकांचे प्रश्न : हार्ड बॉपमध्ये सम कुठे शोधावी?

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातील निवृत्त शिक्षक असून गेली तीस वर्षे आमच्या गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. दिवाळीला मुलीने स्पीकर आणून दिला आणि त्यावर अमेरिकन ड्रमवादक आर्ट ब्लेकी व त्यांच्या ‘जॅझ मेसेंजर्स’ या संचाचे ‘मोनिन’ हे ध्वनिमुद्रण ऐकवले. सुरुवातीची चाल लगेच तोंडात बसली. मात्र ती संपल्यावर एकेक वादक जे वाजवतो त्याचा त्या चालीशी काय संबंध, हे उमगले नाही. मांडीवर मात्रा मोजल्या, तर टाळी सतत चुकल्यासारखी वाटते. या संगीतात सम असते का?

उत्तर : असते, आणि आपली टाळीही चुकत नाही. आपण ऐकले ते हार्ड बॉप या जॅझ शैलीतले वादन. आपल्याकडे ठेक्यातील पहिल्या मात्रेला वजन देण्याची कानाला सवय असते. येथे ड्रमवादक डाव्या पायाखालची झांजांची जोडी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मिटतो, आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये भक्तिगीते गाताना लोकांच्या टाळ्याही याच मात्रांवर पडतात. त्यामुळे जी मात्रा आपल्याला कानात ठसठशीत ऐकू येते ती सम नसते. सम त्याच्या आधीची, जवळजवळ मुकी असते आणि ती मनातच धरून ठेवावी लागते. यावर सोपा उपाय असा की, ड्रमकडे काही वेळ दुर्लक्ष करून माणसापेक्षा उंच असलेल्या आणि बोटांनी छेडल्या जाणाऱ्या डबल बेसकडे कान द्यावा. एकल वादन सुरू झाले की तो बहुतेक प्रत्येक मात्रेला एक सूर देत चालत राहतो, त्यामुळे त्याच्याबरोबर ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणत गेल्यास हात आपोआप ठिकाणावर येतो.

आता आवर्तनाविषयी. चार मात्रांचा एक बार, आठ बारचा एक तुकडा आणि असे चार तुकडे मिळून ‘मोनिन’ची चाल पूर्ण होते, म्हणजे बत्तीस बार, एकशे अठ्ठावीस मात्रा. पहिला, दुसरा आणि चौथा तुकडा मुखड्यासारखा एकच असून तिसरा अंतऱ्यासारखा वेगळा आहे. पहिल्या तुकड्यात पियानो एकटाच ओळ म्हणतो आणि ट्रम्पेट व सॅक्सोफोन तिला दोनच सुरांचे उत्तर देतात. शाहिराच्या ओळीवर झीलकऱ्यांनी ‘जी जी’ म्हणावे, तसा हा प्रकार आहे. दुसऱ्या तुकड्यात अदलाबदल होते; ओळ ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनकडे जाते आणि झील धरायला पियानो येतो. ज्यांनी रात्रभर चाललेला गोंधळ ऐकला आहे, त्यांना हा सवाल-जवाब परका वाटण्याचे कारण नाही.

चाल संपली तरी आवर्तन संपत नाही, हे या संगीताचे वर्म आहे. चाल बाजूला होते. पण तिच्याखालची स्वरसंगती, म्हणजे पियानो आणि बेस जी सुरांची वाट आखतात ती, त्याच बत्तीस बारच्या मापाने फिरत राहते आणि त्या वाटेवर प्रत्येक वादक आपली नवी चाल तिथल्या तिथे रचतो. पहिल्यांदा येतात ते ट्रम्पेटवादक ली मॉर्गन, त्या वेळी वीस वर्षांचे. त्यांचा शेवटचा वाक्प्रयोग बेनी गोल्सन सॅक्सोफोनवर जसाच्या तसा उचलतात आणि तेथूनच स्वतःचे बोलणे सुरू करतात. ही जागा ऐकाच. समोरच्याची शेवटची ओळ पकडून पुढचा अभंग लावण्याची लकब आपल्या मंडळातही कुणाची तरी असेलच. त्यानंतर पियानो, मग बेस आणि शेवटी पुन्हा मूळ चाल असा क्रम आहे. ब्लेकी यांच्या दोन काड्या ड्रमच्या कातड्यावर दाबून धरल्यासारख्या घुमू लागल्या आणि तो घुमारा वाढत गेला, की बहुधा आवर्तनाचा सांधा जवळ आला असे समजावे. पखवाजावरच्या तिहाईइतका त्याचा हिशेब नेमका नसतो, पण पुढच्याला ढकलून समेवर आणण्याचे काम मात्र तेच.

ही चाल पियानोवादक बॉबी टिमन्स यांची आहे. ते पाद्री असलेल्या आजोबांच्या घरी वाढले होते आणि या चालीतील चर्चचा वास तेथून आला आहे. कार्यक्रमात दोन रचनांच्या मधल्या वेळेत ते तिची पहिली ओळ सहज वाजवत असत. गोल्सन यांनी आग्रह धरला, तेव्हा त्यांनी मधला भाग जोडून ती पुरी केली. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी न्यू जर्सीतील हॅकेन्सॅक येथे तिचे ध्वनिमुद्रण झाले. स्टुडिओ म्हणजे रूडी व्हॅन गेल्डर यांच्या आईवडिलांच्या घराची बैठकीची खोली, आणि व्हॅन गेल्डर हे पेशाने डोळे तपासून चष्मे देणारे!

प्रश्न : मी नांदेडला महाविद्यालयात शिकतो. हार्ड बॉपमध्ये ‘हार्ड’ काय असते? आणि वादन जर उत्स्फूर्त असेल, तर हे लोक तालीम कशाची करतात? ‘मोनिन’नंतर पुढे काय ऐकावे?

उत्तर : १९४० च्या दशकात सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर आणि ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांनी बीबॉप ही अतिशय द्रुत आणि अवघड शैली घडवली. पुढे काहींनी तिला सौम्य, संयत वळण दिले, त्याला कूल जॅझ म्हणतात. १९५० च्या दशकाच्या मध्याला न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, डेट्रॉइट येथील तरुण कृष्णवर्णीय वादकांनी बीबॉपची विद्या न सोडता तिच्यात ब्लूज हे कृष्णवर्णीयांचे लोकसंगीत आणि चर्चचे गाणे पुन्हा मिसळले. तालाचा ठोसा वाढवला, चाली गुणगुणता येतील अशा केल्या. ‘हार्ड’ हे विशेषण त्या ठोशाचे. मला विचाराल तर ते नाव थोडे दिशाभूल करणारे आहे, कारण श्रोत्याला सर्वांत सोपी जाणारी जॅझ शैली हीच.

तालीम असते ती चालीची, झिलीची आणि एकत्र थांबण्याच्या जागांची. ब्लू नोट ही ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी वादकांना तालमीचेही पैसे देत असे आणि तिच्या ध्वनिमुद्रणांतील नेटकेपणामागे हे एक साधे कारण आहे. आपली शंका आपणच तपासू शकता. ‘मोनिन’च्या नंतरच्या सीडी आवृत्तीत त्याच दिवशीचा दुसरा प्रयत्नही दिला आहे. दोन्ही लागोपाठ ऐका. चाल तीच राहील आणि ली मॉर्गन मात्र दोन्ही वेळा निराळे बोलतील.

पुढे काय ऐकावे, हेही आपण विचारले आहे. पियानोवादक होरेस सिल्व्हर यांच्या ‘साँग फॉर माय फादर’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांच्या आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दी बेटांवरून आलेल्या वडिलांकडच्या संगीताची डूब आहे आणि मुखपृष्ठावर छायाचित्रही वडिलांचेच आहे. सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स यांचे २२ जून १९५६ रोजी ध्वनिमुद्रित झालेले ‘सॅक्सोफोन कोलोसस’ चारच वादकांचे असल्यामुळे प्रत्येक वाद्य सुटे ऐकू येते. (हे रोलिन्स पुढे काही काळ मुंबईत पवईच्या आश्रमात येऊन राहिले होते.) सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांचे १९५७ चे ‘ब्लू ट्रेन’ उत्तमच आहे, पण ते तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर ठेवावे, कारण त्यातील तानांची दाटी नवख्या कानाला थकवते.

प्रश्न : मी जालन्याकडे लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. लग्नसराई संपली की रियाजाला वेळ मिळतो. या प्रकारातले काय बसवून पाहावे?

उत्तर : आपण क्लिफर्ड ब्राऊन यांच्यापासून सुरुवात करा. २६ जून १९५६ रोजी पंचविसाव्या वर्षी मोटार अपघातात ते गेले. ध्वनिमुद्रणाची जेमतेम चार वर्षे त्यांना मिळाली. परंतु त्यानंतरच्या ट्रम्पेटवादकांपैकी त्यांच्या ऋणात नसलेला विरळाच. सूर गोल आणि भरीव, द्रुत लयीतही प्रत्येक स्वर सुटा. वरातीत लांबवर ऐकू जावे म्हणून आपल्याला सतत जोराने फुंकावे लागते आणि त्यात सुराची कड फाटते. ब्राऊन यांच्या वादनात जोर आहे, पण सूर फाटत नाही.

ड्रमवादक मॅक्स रोच यांच्याबरोबरच्या संचात त्यांनी १९५५ मध्ये वाजवलेली ‘सँडू’ ही त्यांची स्वतःची रचना घ्या. ती बारा बारच्या आवर्तनाची ब्लूज रचना आहे, मध्यलयीत आहे आणि आपल्या बी-फ्लॅट ट्रम्पेटवर ती एफच्या पट्टीत येते, म्हणजे बोटांना फार कसरत नाही. मोबाईलवर गती पाऊणपट करून प्रथम केवळ चाल बसवा. नंतर त्यांच्या एकल वादनाचे पहिले बारा बार आधी तोंडाने म्हणता येतील इतके पाठ करा आणि मगच ट्रम्पेट ओठाला लावा.